डिस्क निम्मी रिकामी, तरी जागा नाही: एका वाचनालयाच्या सर्व्हरचं प्रकरण

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, १८ जुलै २०२४ ला, दुपारी बाराच्या सुमारास ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "अरे, त्या सर्व्हरला काय झालंय बघ बरं. सकाळपासून माझ्याकडे चालू होतं, शेजारच्या टेबलावर मात्र होत नव्हतं. आता चहा घेऊन आले तर मलाही आत घेईना. काल सुट्टी झाली, आज गर्दी आहे रे."

निदानाचे निम्मे धागे या चार वाक्यांतच होते. ते माझ्या हाताला लागायला संध्याकाळ झाली.

वाचनालय तालुक्याच्या गावातलं, 'ब' वर्गाचं. मी नोकरीला पुण्यात. सर्व्हर लांबून सांभाळतो, मोबदल्यात माझी वर्गणी माफ. सर्व्हर म्हणजे देणगीत आलेला जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली, ५०० जीबीची फिरती डिस्क आणि खाली यूपीएस. देवघेवीचा प्रोग्राम गावातल्याच एका मुलाने कॉलेजच्या प्रकल्पासाठी पीएचपी भाषा आणि मारियाडीबी डेटाबेस वापरून लिहिलेला. डिस्कचे भाग पाडताना मी '/व्हार' या फोल्डरला वेगळे २० जीबी दिले होते, ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर (फाइली डिस्कवर मांडून ठेवायची पद्धत). लॉग (घडामोडींच्या नोंदी), डेटाबेस, पीएचपीची सेशनं (दर लॉगिनमागे एक छोटी फाइल) असं सगळं त्याच भागात. (आज्ञा आणि फोल्डरांची नावं आपण बोलतो तशीच लिहितो आहे. टाइप करताना अर्थातच रोमन.)

एसएसएचने लांबूनच आत गेलो आणि अपाचे या वेबसर्व्हरचा लॉग उघडला. दर लॉगिनला तीच ओळ: सेशनची फाइल उघडता आली नाही, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', त्रुटी क्रमांक २८. म्हणजे डिस्क भरली. लगेच डिस्कवरची जागा दाखवणारं 'डीएफ -एच' मारलं, तर व्हार फक्त ४८ टक्के भरलेलं. दहाएक जीबी मोकळे. हे विचित्र आहे असं क्षणभर वाटलं आणि मी पुढे गेलो. आणखी एक गंमत तेव्हा नजरेतून सुटली. 'जागा नाही' असं सांगणारी ती ओळ त्याच व्हारमधल्या लॉगच्या फाइलीत, दर मिनिटाला, बिनबोभाट लिहिली जात होती.

आमचा लिनक्सवाल्यांचा एक टेलिग्राम ग्रुप आहे. शे-दीडशे माणसं: कॉलेजची मुलं, सर्व्हर सांभाळून निवृत्त झालेले एक काका, जर्मनीत नोकरी करणारी एक ताई, बाकी माझ्यासारखे हौशी. तिथे मी लिहिलं: "सर्व्हर डाऊन, डिस्क फुल दाखवतंय, लॉगिन होत नाही, अर्जंट आहे, काय करू?" सोबत स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो. फोटोत लॉगची ओळ आली होती. डीएफच्या यादीतली व्हारची ओळ खाली कापली गेली होती.

उत्तरं प्रश्नाच्या लायकीची आली. एकाने लिहिलं, रीबूट मार. दुसऱ्याने 'जर्नलसीटीएल'ने जुने लॉग छाटायला सांगितलं. एका सरांनी 'एपीटी क्लीन' सुचवलं, कारण उतरवलेली पॅकेजं व्हारच्या कॅशमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात आणि ती पुसण्यात कसलाच धोका नसतो. एक वाजता मी तेच केलं. साडेतीनशेच्या आसपास पॅकेज फाइली गेल्या, आणि लॉगिन झालं! बाईंना फोन केला, ग्रुपवर "थँक्यू सर" लिहिलं, हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली, प्रकरण मिटलं.

साडेचारला पुन्हा फोन. "परत तसंच."

या वेळी बाईंच्या आवाजात काळजी नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी कपाटातून जुनी देवघेवीची कार्डं काढली होती आणि लोक मुकाट्याने त्यावर सह्या करत होते.

मग शांत बसून प्रश्न नव्याने लिहिला. फोटो नाही, सगळा मजकूर चिकटवला. डीएफचं पूर्ण उत्तर. लॉगच्या दहा ओळी. दुपारी एकला काय केलं, किती वेळ चाललं. आणि 'महत्त्वाचं नसावं' म्हणून दुपारी गाळलेल्या तीन गोष्टीही: व्हार निम्मं रिकामं दिसतंय, सकाळी ज्यांचं लॉगिन आधीच झालेलं होतं त्यांचं काम विनातक्रार चालू होतं, फक्त नव्याने आत येणारा अडकत होता, आणि ११:०९ च्या सुमाराला शेजारच्या टेबलावरही एकदा लॉगिन होऊन गेलं होतं.

दोन मिनिटांत पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा प्रश्न आला. ग्रुपवर तो सहसा बोलत नाही. "दादा, जुनी फाइल लिहिली जातेय आणि नवीन बनत नाहीये, असं असेल का? टच करून बघा ना."

बघितलं. व्हारमधल्या एका जुन्या फाइलीच्या शेवटी ओळ जोडली, जोडली गेली. नवी रिकामी फाइल 'टच'ने करायला गेलो, तर त्रुटी २८. शून्य बाइटच्या फाइलीला जागा नाही!

लगेच काकांचं एका ओळीचं उत्तर: "डीएफ -आय."

आलेलं उत्तर असं: व्हारवर एकूण आयनोड १३,१०,७२०. वापरात १३,१०,७२०. शिल्लक ० आणि टक्केवारी १००.

आयनोड म्हणजे काय हे त्या संध्याकाळी मला बाईंनाही समजवायचं होतं, आणि वाचनालयातच त्याची तयार उपमा होती. नवं पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत चढतं, त्याला दाखल क्रमांक मिळतो, मग ते कपाटात जातं. समजा नोंदवहीची पानं आधीच मोजून बांधलेली आहेत आणि नवी पानं जोडायची सोय नाही. पानं संपली की कपाट निम्मं रिकामं असो की सगळं, चार पानांची पुस्तिकाही दाखल करता येणार नाही. दाखल झालेल्या पुस्तकात मात्र कोणी खुशाल टिपणं लिहावीत. आयनोड म्हणजे त्या वहीतली एक ओळ: फाइल कोणाची, केव्हाची, किती मोठी आणि डिस्कवर कुठे पडली आहे. ईएक्सटी४मध्ये ही वही फाइलसिस्टिम तयार करतानाच बांधली जाते. नेहमीचा हिशेब दर १६,३८४ बाइटमागे एक ओळ. २० जीबीला १६,३८४ ने भागा, बरोबर १३,१०,७२० येतात. भाग मोठा केला तर ओळी वाढतात, एरवी नाही. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम वापरणारे यावर हसतात, कारण तिथे आयनोड लागतील तसे बनतात. त्या संध्याकाळीही एकाने हसून घेतलं.

घोळ होतो तो कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, दोन्ही टंचाईंना एकच क्रमांक देतं म्हणून. कपाट भरलं तरी २८, वही भरली तरी २८. संदेशात 'स्पेस' हा शब्द असल्यामुळे माणूस आधी जीबीच मोजायला जातो. मी गेलोच होतो.

तेरा लाख फाइली करणारा कोण, हा पुढचा प्रश्न. माझा संशय पीएचपीच्या सेशनांवर होता. तो चुकला. डेबियनमध्ये सेशनं साफ करणारा टायमर दर तासाला नवव्या आणि एकोणचाळिसाव्या मिनिटाला चालतो आणि २४ मिनिटं शिळी झालेली सेशनं काढून टाकतो. ११:०९ चं कोडं इथे सुटलं: टायमरने थोड्या ओळी मोकळ्या केल्या आणि त्यातली एक शेजारच्या टेबलाला मिळाली. बाईंच्या चहाचंही तेच. त्या सव्वाअकराला उठल्या, पावणेबाराला परतल्या. मधे ११:३९ ला त्यांचं सेशन शिळं म्हणून गेलं आणि नव्याला जागा उरली नव्हती.

फोल्डरांचा आकार मोजणाऱ्या 'डीयू'ला आयनोड मोजायचा पर्याय आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. काकांनी तो लावायला सांगितला. जुनी डिस्क बराच वेळ घरघरत राहिली. तेवढ्यात जर्मनीच्या ताईने चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या 'पीएस'ची यादी मागितली. मी सहज चिकटवली आणि यादी संपेचना: क्रॉन, सेंडमेल, पोस्टड्रॉप, क्रॉन, सेंडमेल, पोस्टड्रॉप. तिने लिहिलं, "रीबूट केलं नाहीस हे बरं केलंस. नाहीतर ही रांग दिसली नसती. डीयू काय सांगणार ते आत्ताच सांगते: पोस्टफिक्सचं मेलड्रॉप."

पोस्टफिक्स म्हणजे मेल पोचवणारा प्रोग्राम, मेलड्रॉप हे त्याचं पत्रं टाकायचं फोल्डर. डीयू संपलं. '/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/मेलड्रॉप': १२,७८,४०६.

आता इथून पुढचा गुन्हेगार मी स्वतः. आमच्याकडे वीज जाते. यूपीएसची बॅटरी उतरली तर डेटाबेस नीट बंद करून मशीन बंद व्हावी म्हणून जानेवारी २०२२च्या अखेरीस मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) दर मिनिटाला चालवायला लावली. ती यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या नट या प्रोग्रामची 'यूपीएससी' आज्ञा वापरते. (हो, स्पर्धा परीक्षेचंच नाव. ग्रुपवर यावर व्हायचे ते विनोद होऊन गेले.) ही आज्ञा बॅटरीचा आकडा देते, आणि सोबत त्रुटींच्या वाटेने एक निरुपद्रवी ओळही टाकते: 'इनिट एसएसएल विदाउट सर्टिफिकेट डेटाबेस'. क्रॉनचा नियम जुना आणि साधा आहे. कामाने तोंडातून अवाक्षर काढलं तरी ते त्या कामाच्या मालकाला मेल करायचं. म्हणजे दर मिनिटाला रूट या मुख्य खात्याच्या नावे एक पत्र, दिवसाला १,४४०.

हेही चाललं असतं. पण त्याच आठवड्यात उघडी पोर्टं तपासताना मला मेलचं २५ क्रमांकाचं पोर्ट दिसलं, आणि 'आपल्याला मेल लागतोच कुठे' म्हणून मी पोस्टफिक्सची सेवा बंद करून टाकली. पॅकेज काढलं नाही, फक्त सेवा बंद. पोस्टफिक्समध्ये पत्र टाकण्याचं काम आणि ते उचलून नेण्याचं काम वेगवेगळे प्रोग्राम करतात. टाकणारा पोस्टड्रॉप सेवा बंद असतानाही मेलड्रॉपमध्ये फाइल ठेवतोच. उचलणारा नसतो एवढंच. भिंतीवरची टपालपेटी तशीच ठेवून पोस्टमनला मी घरी पाठवलं होतं.

अडीच वर्षं पेटी भरत राहिली. सगळ्या पत्रांची मिळून जागा पाचएक जीबी, कारण काही ओळींचं पत्रही ४ केबीचा एक पूर्ण ब्लॉक अडवतं. म्हणून जागेच्या हिशेबात सगळं आलबेल दिसत होतं. १८ तारखेला अकराच्या आत वहीची शेवटची ओळ संपली. त्यानंतर प्रत्येक नवा पोस्टड्रॉप 'जागा नाही' ऐकून दहा सेकंद झोपायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. तीच ती रांग. दुपारचा चमत्कारही आता पैशापैशाने जुळला. एपीटी क्लीनने साडेतीनशे ओळी मोकळ्या केल्या. त्या वेळी रांगेत सव्वाशेच्या वर पोस्टड्रॉप उभे होते, त्यांनी आपल्या पटकावल्या. उरल्या सव्वादोनशेच्या आत. मिनिटाला एक पत्र आणि वर लोकांची नवी सेशनं, म्हणजे साडेतीन तासांचं आयुष्य. एक ते साडेचार.

त्या सरांनी चुकीचा सल्ला दिला असं मी म्हणणार नाही. मी दाखवलेल्या अर्ध्या फोटोवर तोच सल्ला योग्य होता.

माझा पहिला विचार होता पोस्टफिक्स चालू करून टाकायचा. काका फोनवरच आले. "अरे बाबा, थांब! चालू केलंस तर ती पावणेतेरा लाख पत्रं वाटायला घेईल. रूटच्या पेटीत कोंबत बसेल, मशीन उद्यापर्यंत उठणार नाही." दुसरा विचार फोल्डरमध्ये जाऊन पुसण्याची आज्ञा 'आरएम' आणि पुढे 'सगळं' अशा अर्थाचं तारांकन. तेही होत नाही. शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम, त्या तारांकनाच्या जागी सगळी नावं लिहायला जातं आणि कर्नल एवढी लांब आज्ञा घेत नाही. 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणून परत पाठवतं. फाइलींची यादी दाखवणारं साधं 'एलएस'सुद्धा गप्प बसून राहतं, कारण ते आधी सगळी नावं गोळा करून वर्णानुक्रमे लावतं. क्रम न लावण्याचा पर्याय दिला की नावं लगेच वाहू लागतात. पुसण्यासाठी 'फाइंड'ला डिलीट जोडून द्यायचं, तो एकेक फाइल उचलत जातो.

मी आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबण्याआधी ग्रुपवर दाखवली. हा शहाणपणा दुपारच्या ठेचेतून आलेला. पर्यवेक्षक असल्यासारखी ताई म्हणाली, "आज्ञा बरोबर आहे. पण पुसण्याआधी दोन-चार पत्रं वाच ना. एवढी लिहिलीत कोणीतरी."

फाइलीतला मजकूर वेगळा काढणारं 'स्ट्रिंग्ज' लावून वाचायला लागलो. पहिलं पत्र इनिट एसएसएल. दुसरं इनिट एसएसएल. विसावंही तेच. ताईने सुचवलं, ती ओळ ज्यांत नाही अशी पत्रं शोध. शोधाला अर्धा तास लागला.

निघाली ४१८.

सगळी रात्री २:०१ ची. सगळ्यांचा विषय बॅकअपची स्क्रिप्ट आणि सगळ्यांत एकच वाक्य: माउंट होत नाही (डिस्क जोडली जात नाही), अमुक यूयूआयडीची (डिस्कचा ओळख क्रमांक) डिस्क सापडत नाही. सर्वांत जुनं पत्र २८ मे २०२३चं.

हातपाय गार पडले. आदल्या दिवशी, २७ मेला, मी गावी आलो होतो आणि बॅकअपची जुनी बाहेरची डिस्क आवाज करते म्हणून नवी लावली होती. नव्या डिस्कचा यूयूआयडी वेगळा, आणि कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या 'एफएसटॅब' फाइलीत जुनाच राहिला. स्क्रिप्ट नीट लिहिलेली होती: माउंट झालं तरच पुढे जायचं, नाहीतर तक्रार करायची. तिने ४१८ रात्री न चुकता तक्रार केली. बॅकअप झाला की ती गप्प असते, आणि आम्हाला वर्षभर शांतताच ऐकू येत होती. नव्या डिस्कचा निळा दिवा लुकलुकायचा, त्यामुळे 'बॅकअप चालू आहे' असं बाईंपासून अध्यक्षांपर्यंत सगळे मानून होते. एकादशीच्या आदल्या आठवड्यात ती फिरती डिस्क गेली असती तर चौदा महिन्यांची देवघेव, नवे सभासद, नवी पुस्तकं, सगळं गेलं असतं.

ताईने आता हुकूमच सोडला: एकही फाइल पुसायची नाही, आधी डेटाबेस काढून घे. '/होम' वेगळ्या भागावर आहे, तिथे डम्प (डेटाबेसची पूर्ण प्रत) घेतला, तो पुण्याला माझ्या मशीनवर ओढला, उघडून सभासदांची संख्या बाईंना विचारून ताडून पाहिली. मग ४१८ पत्रांचं गाठोडं बाजूला ठेवलं, क्रॉनमधली यूपीएसची ओळ थांबवली आणि फाइंड सोडलं. जुन्या डिस्कवर पाऊण तास. पहिल्या काही सेकंदांतच लॉगिन सुरू झालं होतं. बाईंनी कार्डांवरच्या नोंदी वाचनालय बंद झाल्यावर बसून चढवल्या.

दुरुस्तीच्या बाकीच्या गोष्टींवर ग्रुपमध्ये रात्री उशिरापर्यंत खडाजंगी झाली. यूपीएससीची ती ओळ कशी गप्प करायची? एक गट म्हणत होता, त्रुटींची सगळी वाट '/डेव्ह/नल' या कचराकुंडीकडे वळव. ताईचा कडाडून विरोध: उद्या यूपीएसची केबल निघाली तरी कळणार नाही, तेवढी एकच ओळ गाळ. मला तिचं पटलं. पण वाद मिटवला काकांनी, स्क्रिप्टच निकालात काढून. नटमध्ये 'यूपीएसमॉन' नावाची सेवा याच कामासाठी असते. बॅटरी उतरली की मशीन रीतसर बंद करणं हेच तिचं काम. "तयार पोळी असताना तू दर मिनिटाला कणीक मळत होतास," असं ते म्हणाले. मी ती सेवा लावली आणि स्क्रिप्ट काढून टाकली.

पोस्टफिक्स परत चालू केलं, पण फक्त मशीनच्या आतल्या पत्त्यावर ऐकेल असं, म्हणजे पोर्टाची माझी जुनी भीतीही मिटली. रूटची पत्रं माझ्या मेलवर वळवली. एफएसटॅबमध्ये यूयूआयडीऐवजी लेबल लिहिलं. पुढच्या वेळी नवी डिस्क लावताना तिला तेच लेबल दिलं की झालं. दर सकाळी डीएफच्या दोन्ही रूपांचा निकाल येतो. आणि बॅकअप पुरा झाला की स्क्रिप्ट तारखेची एक ओळ लिहून ठेवते, ती देवघेवीच्या पडद्यावर वर उजवीकडे दिसते. ही शेवटची कल्पना पॉलिटेक्निकच्या मुलाची, प्रोग्राममध्ये ती बसवलीही त्यानेच.

शनिवारी गावी गेलो. मेलड्रॉप रिकामं झालं तरी त्या फोल्डरचा स्वतःचा आकार कित्येक एमबी तसाच होता, कारण ईएक्सटी४मध्ये फोल्डर फुगतं पण आपणहून आकसत नाही. ते नव्याने करून परवानग्या जुळवल्या. काम संपत आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "ते पहिलं पत्र छापून दे बरं." दिलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, कळण्यासारखं त्यात फार काही नव्हतं. मग टेबलाच्या खणातून आवक नोंदवही काढली आणि पुढच्या क्रमांकावर लिहिलं: पत्राचा दिनांक २८ मे २०२३, मिळाल्याचा दिनांक १८ जुलै २०२४, पाठवणार: सर्व्हर. शेऱ्याच्या रकान्यापाशी थोडा वेळ पेन थांबलं. मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "इथे तू सही कर."